तुडुंब मैदान, बेखबर देश: ओमाहाची कॉलेज वर्ल्ड सिरीज

अमेरिकेतील विद्यापीठीय बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद ठरवणारी ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ दरवर्षी जूनच्या मध्यास नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात सुरू होते आणि दहा-अकरा दिवस चालते. तिकीट काढून मैदानात बसणाऱ्याचे पैसे ही स्पर्धा पुरेपूर वसूल करून देते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरी बसून पाहणाऱ्याला मात्र ती चटकन आपलीशी वाटत नाही, आणि ज्याचा एखाद्या संघाशी आधीपासून संबंध नाही अशा माणसाला ती सुरू असल्याचे बहुधा कळतही नाही. कॅन्सस सिटीहून ओमाहा मोटारीने तीन तासांवर आहे, तरीही आमच्या कार्यालयात जूनमध्ये या स्पर्धेचा विषय क्वचितच निघतो; मार्चमध्ये याच कार्यालयातले लोक हातची कामे बाजूला सारून विद्यापीठीय बास्केटबॉलच्या लढती कोण जिंकणार याच्या अंदाजांचे तक्ते भरत बसलेले असतात. इतकी चांगली स्पर्धा देशाच्या नजरेतून का निसटते, याचा विचार केल्याशिवाय तिचे परीक्षण पुरे होणार नाही.

आधी मैदानाविषयी. १९५० पासून २०१० पर्यंत ही स्पर्धा शहराच्या दक्षिण भागातील रोझेनब्लाट स्टेडियमवर होत असे. २०११ पासून ती मध्यवस्तीला लागून बांधलेल्या नव्या मैदानावर होते, ज्याचे सध्याचे नाव चार्ल्स श्वाब फील्ड आहे आणि ज्यात सुमारे २४ हजार प्रेक्षक मावतात. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हाताची हालचाल बारकाईने पाहायची असेल तर होम प्लेटमागची, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागची, राखीव आसने घ्यावीत, पण माझा स्वतःचा कल आउटफिल्डमागच्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या कडेच्या, बाकांकडे आहे. तेथे आसनक्रमांक नसतो, लवकर येणाऱ्याला चांगली जागा मिळते आणि शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या डावापर्यंत ओळखीचा झालेला असतो. डावीकडच्या बाकांवरचे प्रेक्षक उजवीकडच्यांना आणि उजवीकडचे डावीकडच्यांना ओरडून चिडवत असतात. मधूनच समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तसला फुगवलेला रंगीत चेंडू डोक्यांवरून टोलवला जातो, आणि तो मैदानात पडल्यावर उचलून नेणाऱ्या कर्मचाऱ्याची यथास्थित हुर्यो उडवली जाते. धातूच्या बॅटवर चेंडू बसल्याचा ‘टण्ण’ आवाज इतक्या लांबही स्पष्ट पोचतो. विद्यापीठीय बेसबॉलमध्ये अशा बॅटला १९७४ पासून परवानगी आहे, तर व्यावसायिक बेसबॉल लाकडी बॅटनेच खेळला जातो. ज्याचे कान लाकडाच्या आवाजाला सरावलेले आहेत त्याला हा आवाज पहिला तासभर खटकतो, नंतर तो विसरला जातो.

मैदानाबाहेरची जत्रा हा स्वतंत्र भाग आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ पात्र ठरला असेल, तर जांभळ्या-सोनेरी सदऱ्यांतले हजारो लोक दक्षिणेतून पंधरा-पंधरा तास गाडी चालवत येतात आणि वाहनतळावर मोठमोठ्या पातेल्यांत जांबालाया हा तिकडचा मसालेदार भात शिजवत बसतात; बाजूने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात वाडगा देण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. रस्त्यापलीकडच्या ‘रोक्कोज’ या पिझ्झाच्या ठिकाणी दारू घातलेल्या जेलीचे लहान प्याले विकले जातात आणि कोणत्या संघाच्या चाहत्यांनी किती रिचवले याचा आकडा फलकावर लिहिला जातो. २०२२ मध्ये ओल मिसच्या, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाच्या, चाहत्यांनी तो १८,७७७ पर्यंत नेला, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. पुढच्याच वर्षी लुइझियाना स्टेटवाल्यांनी ६८,८८८ प्याले संपवले. त्या वर्षी सर्व सामने मिळून तिकीट काढणाऱ्यांची संख्या ३ लाख ९० हजारांच्या घरात गेली होती. म्हणजे या खेळाला चाहते नाहीत, हे कारण पहिल्याच फटक्यात बाद होते.

तरीही राष्ट्रीय पातळीवरचे आकडे वेगळेच सांगतात. तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्याला विजेतेपद देणारी येथील अंतिम मालिका चांगल्या वर्षीही एका सामन्याला सरासरी तीस लाखांच्या आतबाहेर प्रेक्षक मिळवते. २०२४ च्या जानेवारीत मिशिगन आणि वॉशिंग्टन यांच्यातील विद्यापीठीय अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना सुमारे अडीच कोटी लोकांनी पाहिला. त्याच वर्षी बास्केटबॉलमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्याला जवळजवळ दीड कोटी आणि महिलांच्या सामन्याला जवळजवळ एक कोटी नव्वद लाख प्रेक्षक लाभले. विद्यापीठे बव्हंशी तीच, माजी विद्यार्थी तेच, आणि फरक सुमारे पाच ते आठ पटींचा.

या फरकातला काही वाटा निव्वळ दिनदर्शिकेचा आहे, आणि १६ जून २०२५ हा दिवस त्यासाठी उदाहरण म्हणून पुरेसा आहे. त्या दिवशी ओमाहात आर्कान्सासच्या गेज वुड या पिचरने मरे स्टेटविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही बॅटरला फटक्याच्या बळावर तळ गाठू दिला नाही. १९ बॅटर त्याने चेंडू न लागू देता बाद केले. आठव्या डावात एका बॅटरच्या अंगाला चेंडू लागला नसता, तर एकालाही तळ गाठू न देणारा परिपूर्ण सामना होण्याची संधी शेवटपर्यंत राहिली असती. स्पर्धेच्या इतिहासातला हा तिसराच नो-हिटर. आधीचे दोन १९५० आणि १९६० मधले. परंतु त्याच रात्री लॉस एंजेलिस डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचा तारा शोहेई ओहतानी शस्त्रक्रियेनंतर प्रथमच पुन्हा पिचिंग करायला उतरला, आणि ओक्लाहोमा सिटीत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामनाही त्याच रात्री झाला. आदल्या दिवशी ओकमाँटला अमेरिकन ओपन गोल्फ संपली होती, दुसऱ्या दिवशी आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपचा निकाल लागणार होता. अशा गर्दीत पासष्ट वर्षांत न घडलेल्या गोष्टीच्या वाट्याला किती वेळ उरणार? आठवडा संपता संपता, २२ जूनच्या दुपारी, लुइझियाना स्टेटने कोस्टल कॅरोलायनाला सलग दुसऱ्यांदा हरवून आपले आठवे विजेतेपद मिळवले, आणि संध्याकाळी एनबीएच्या सातव्या, निर्णायक सामन्याने ती बातमी झाकून टाकली.

मात्र तारखा बदलल्या की सगळे सुरळीत होईल असे मला वाटत नाही. खरे कारण बेसबॉलमध्ये खेळाडू वर कसा चढतो, यात आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचे तर शाळा संपल्यावर तीन वर्षे थांबावे लागते आणि ती वर्षे व्यवहारात विद्यापीठातच जातात. बास्केटबॉलमध्येही शाळेनंतर किमान एक वर्ष जावे लागते. त्यामुळे या दोन खेळांत विद्यापीठीय सामना पाहणारा प्रेक्षक पुढच्या वर्षीचे तारे पाहत असतो, आणि ते त्याला ठाऊक असते. बेसबॉलमध्ये अठरा वर्षांच्या मुलाला शाळेतून थेट व्यावसायिक संघ निवडू शकतो. डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि व्हेनेझुएला येथील मुले तर सोळाव्या वर्षीच करारबद्ध होतात. केन ग्रिफी ज्युनियर, डेरेक जीटर, माइक ट्राउट या बेसबॉलमधल्या बड्या नावांपैकी कोणीही विद्यापीठाकडून खेळलेला नाही. जीटरच्या बाबतीत तर गंमत अशी, की तो मिशिगनमधल्या ज्या कॅलमझू गावात वाढला, तेथेच १९४७ मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा भरली होती. कॅलिफोर्नियाने येलला हरवले आणि येलच्या संघात होता जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. गावात स्पर्धेचा उगम, आणि गावचा सर्वात मोठा खेळाडू तिच्या वाटेलाही न जाता न्यूयॉर्कला पोचला.

जो विद्यापीठात जातो त्याला पुन्हा एक नियम आडवा येतो. चार वर्षांच्या विद्यापीठात प्रवेश घेतल्यास साधारणपणे तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावे वर्ष लागेपर्यंत व्यावसायिक निवड होत नाही, आणि निवड झाली तरी खेळाडू लगेच मोठ्या मैदानावर दिसत नाही. आधी मायनर लीग या दुय्यम व्यावसायिक साखळीच्या लहान गावांमधून दोन, तीन, कधी पाच वर्षे बसचे प्रवास. आज ओमाहात टाळ्या घेतलेला मुलगा पुन्हा राष्ट्रीय वाहिनीवर दिसेपर्यंत बहुतेक प्रेक्षक त्याचे नाव विसरलेले असतात, आणि बरेचसे तर पुन्हा दिसतच नाहीत. आपल्याकडे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा निकाल लोक वाचतात पण सामना पाहत नाहीत, त्यातलाच हा प्रकार आहे; मात्र रणजीतून वर येणाऱ्याला भारतीय संघात पाहण्याची आशा तरी जवळची असते.

याचा उलट पुरावा महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये सापडतो. त्या खेळाची विद्यापीठीय अंतिम स्पर्धा ओक्लाहोमा सिटीत, ओमाहाच्या थोडी आधी होते. पैसा आणि प्रसिद्धी देणारी व्यावसायिक साखळी तेथे वर्षानुवर्षे नीट उभीच राहिली नाही, त्यामुळे विद्यापीठ हेच शिखर ठरले. शिवाय खांद्याखालून चेंडू टाकणारी पिचर एकामागून एक दिवस खेळू शकते, म्हणून प्रेक्षकाला रोज तोच चेहरा दिसतो. २०२१ मध्ये सॉफ्टबॉलच्या स्पर्धेने सरासरी प्रेक्षकसंख्येत बेसबॉलच्या स्पर्धेला मागे टाकले, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. लोक शिखराकडे पाहतात, मधल्या टप्प्याकडे पाहत नाहीत.

भूगोलही साथ देत नाही. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो, तेव्हा मिनेसोटा किंवा मिशिगनमधली मैदाने बर्फाखाली असतात आणि तेथील संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत पाहुण्यासारखे फिरत खेळतात. चांगला शाळकरी पिचर साहजिकच उबदार हवेतले विद्यापीठ निवडतो. उत्तरेकडील विद्यापीठांच्या बिग टेन या संघटनेतून ओहायो स्टेटने १९६६ मध्ये विजेतेपद मिळवले, त्यानंतर अंतिम फेरी गाठणारा तिचा पुढचा संघ म्हणजे २०१९ चा मिशिगन, आणि तोही व्हँडरबिल्टकडून हरला. २०१९ ते २०२५ या काळात करोनामुळे रद्द झालेले २०२० चे वर्ष सोडले, तर सर्व सहा विजेतेपदे आग्नेयेकडील एसईसी या एकाच संघटनेकडे गेली. २०२४ मध्ये ओमाहात पोचलेल्या आठ संघांपैकी चार एसईसीचे आणि चार अटलांटिक किनाऱ्याकडील एसीसी या संघटनेचे होते. न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन, फिलाडेल्फिया या मोठ्या शहरांतल्या प्रेक्षकाचा त्यात कोणीच नसतो. जूनमध्ये सत्र संपून विद्यार्थीही घरी गेलेले असतात. बास्केटबॉलच्या विजयानंतर वसतिगृहांसमोर जो गोंधळ उसळतो आणि बातम्यांत दिसतो, तो येथे व्हायला वसतिगृहात माणूसच नसतो.

आता प्रक्षेपणाविषयी, कारण बहुसंख्य लोकांना स्पर्धा त्यातूनच भेटणार आहे. चौसष्ट संघ सोळा ठिकाणी चार-चारच्या गटांत खेळतात, त्यातील सोळा संघ पुढे तीन सामन्यांच्या आठ मालिका खेळतात आणि आठ संघ ओमाहाला येतात. तेथे पुन्हा चार-चारचे दोन गट, आणि दोनदा हरल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही. एका पराभवात घरी पाठवणारी बास्केटबॉलची स्पर्धा कागदाच्या एका पानावर मावते आणि खेळातले काही न कळणारी व्यक्तीही तिचे भाकीत करू शकते. बेसबॉलचा तक्ता भरायला घेतला तर पहिल्याच फाट्यावर पेन अडते. पहिल्या आठवड्यात सोळा ठिकाणचे सामने एकाच वेळी चालतात आणि त्यांतले बरेचसे वेगळी वर्गणी भरून इंटरनेटवर पाहावे लागतात. ओमाहातील सामने ईएसपीएनच्या वाहिन्यांवर दिसतात. चित्रीकरण उत्तम, पिचरच्या बोटांची पकड दाखवणारी संथ दृश्ये अप्रतिम, समालोचकांची तयारी चांगली. परंतु पडद्यावर धावा, आउट आणि चेंडूंची मोजणी सतत दिसत असली, तरी समोरचा संघ आधी एकदा हरला आहे की नाही आणि आजच्या पराभवाने तो घरी जाणार की उद्या पुन्हा खेळणार, हे मध्येच सामना लावणाऱ्याला शोधावे लागते. ही उणीव सहज दूर करता येण्याजोगी आहे आणि ती इतकी वर्षे का राहिली, हे कोडेच आहे.

मात्र ही गुंतागुंत स्पर्धेला काय देते, हे २०२३ मध्ये दिसले. लुइझियाना स्टेट अव्वल मानांकित वेक फॉरेस्टकडून सोमवारी २-३ अशी हरली, मंगळवारी तिने टेनेसीला घरी पाठवले, बुधवारी वेक फॉरेस्टला हरवले आणि गुरुवारी, २२ जूनला, हे दोन संघ तिसऱ्यांदा समोरासमोर आले. लुइझियाना स्टेटचा पिचर पॉल स्कीन्स, वेक फॉरेस्टचा रेट लाउडर. स्कीन्सने आठ डाव आणि लाउडरने सात डाव एकही धाव दिली नाही. अकराव्या डावात लुइझियाना स्टेटच्या टॉमी व्हाइटने चेंडू थेट सीमेपार टोलवून मारलेल्या होम रनवर सामना २-० असा संपला. एका पराभवात बाद करणारी पद्धत असती तर लुइझियाना स्टेट सोमवारीच घरी गेली असती आणि हा सामना झालाच नसता. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा विद्यापीठीय बेसबॉलचा सर्वोत्तम सामना आहे. पण त्याची किंमतही पाहा: त्या रात्री १२० चेंडू टाकलेला स्कीन्स फ्लोरिडाविरुद्धच्या अंतिम मालिकेत पिचिंगला उतरलाच नाही. ज्याच्या नावावर देशाला सामन्यासमोर बसवता आले असते, तो खेळाडू विजेतेपदाच्या सामन्यांत बाजूला बसलेला, आणि ते सामनेही कसे? एकात फ्लोरिडा २४-४ ने जिंकते, दुसऱ्या दिवशी लुइझियाना स्टेट १८-४ ने. जाहिरात करणाऱ्याने काय दाखवावे? स्कीन्स पुढच्याच महिन्यात व्यावसायिक निवडीत पहिला ठरला आणि वर्षाच्या आत पिट्सबर्गकडून खेळू लागला, पण इतक्या वेगाने वर जाणारा हजारांत एखादा.

हंगाम सुमारे महिनाभर पुढे ढकलावा, असा प्रस्ताव मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक एरिक बॅकिच यांनी मांडला होता. उत्तरेतल्या संघांना त्याने न्याय मिळेल आणि बास्केटबॉल-हॉकीची गर्दीही टळेल, म्हणून मला तो पटतो. मात्र स्पर्धा ओमाहातून हलवून दरवर्षी वेगवेगळ्या महानगरांत भरवावी, ही सूचना जे करतात त्यांनी एकदा येथे येऊन जावे. १९५० पासून एकाच गावात राहिल्यामुळेच ही स्पर्धा गावाची झाली आहे. शहराशी झालेला सध्याचा करार २०३५ पर्यंतचा आहे, तो पुढेही वाढावा. देशाचे लक्ष मिळवण्यासाठी हे घालवणे तोट्याचा सौदा होईल.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. एप्ली विमानतळ मैदानापासून अगदी जवळ आहे. खोल्यांचे भाव या काळात चढलेले असतात, त्यामुळे मिसुरी नदीपलीकडे, आयोवातील कौन्सिल ब्लफ्स येथे राहणे बरे पडते. बॅग पारदर्शकच लागते. जूनची दुपार कडक असते आणि संध्याकाळी गडगडाट सुरू झाला तर शेवटची वीज चमकल्यानंतर अर्धा तास खेळ थांबतो, तेव्हा टोपी आणि रेनकोट दोन्ही जवळ ठेवावेत. शाकाहारी लोकांची मैदानात पिझ्झा, प्रेट्झेल आणि तळलेले बटाटे यांपलीकडे फारशी सोय नाही. रुंझा हा नेब्रास्काचा पावाचा पदार्थ आवर्जून खा असे सगळे सांगतात, पण त्यात कोबीबरोबर गोमांस असते, हे आधी माहीत असलेले बरे. मुले बरोबर असतील तर रोझेनब्लाटची जागा जरूर दाखवावी. ती आता हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे आणि जुन्या मैदानाच्या खुणा तेथे छोट्या स्वरूपात जपल्या आहेत.

अंतिम मालिकेपेक्षा पहिल्या पाच-सहा दिवसांची तिकिटे घ्यावीत, असे मी सुचवेन. तेव्हा एका दिवसात दोन सामने होतात, आठही संघांचे लोक गावात असतात आणि प्रत्येक संघाचा चांगला पिचर अजून ताजा असतो. राखीव तिकिटे फार आधी संपतात. तरीही निराश होऊ नये: एखादा दक्षिणेतला संघ बाहेर पडला, की त्याच्या चाहत्यांना दुसऱ्या सकाळी परतीचा लांबचा पल्ला गाठायचा असतो, आणि उरलेल्या दिवसांची तिकिटे पडेल त्या भावाला काढून टाकायला ते तयार असतात.